अळंब्यांचं वाचनालय

वॉलनट फोर्ड, आयोवा
१२ सप्टेंबर १९११, मंगळवार

पुढच्या पिढ्यांना कळावं म्हणून नमूद करून ठेवतो, की गेला आठवडाभर मी शिवणयंत्रावर न्याहारी करतो आहे. सोळा वर्षं या नगरातल्या पोरांना लॅटिन शिकवलं, आणि त्यानंतर आजतागायत राजधानीच्या दैनिकाला दर आठवड्याला वार्तापत्र धाडून ज्याने वॉलनट फोर्डची कीर्ती दिगंत पसरवली, त्या गृहस्थाला आज ओटची लापशी ठेवायला स्वतःच्या घरात सपाट जागा उरलेली नाही. शिवणयंत्राचा दोष असा, की विचारात असताना पाय पायडलवर पडतो आणि लापशी सरपटत सुईकडे निघते.

कारण : जेवणाचं टेबल. त्यावर आराखडे पसरलेले आहेत, आराखड्यांवर माझे चार जाड शब्दकोश वजनासाठी ठेवलेले आहेत, आणि त्या सगळ्यावर माझी बहीण थिओडोरा वाकलेली आहे. मला तेवढा एक कोपरा मोकळा करून दे, असं मी विनयपूर्वक म्हणालो.

"दादा, त्या कोपऱ्यात जिना आहे," ती म्हणाली.

थिओ चौतीस वर्षांची आहे आणि वास्तुविशारद आहे. शिकागोच्या एका मोठ्या कचेरीत नऊ वर्षं तिने दुसऱ्यांच्या इमारतींचे जिने, खिडक्या आणि पायखाने काढले. आराखड्याच्या कोपऱ्यात सही मात्र साहेबांची. मागच्या वर्षी नोकरी सोडून तिने दारावर स्वतःची पाटी लावली आणि पाटीखाली बसून राहिली. शेवटी आमच्या महिला मंडळाने, अनेक वर्षं केक विकून जमवलेल्या निधीतून, गावाच्या वाचनालयाचं काम तिला दिलं. तिची ही पहिली इमारत. बांधकाम समितीचा चिटणीस मी असल्याने हा वशिला आहे असं दोघातिघांनी म्हणून पाहिलं. पण वशिल्याने टेबल जातं, हे त्यांना ठाऊक नसावं.

१५ सप्टेंबर, शुक्रवार

आज वरच्या मजल्याची स्लॅब पडली. म्हणजे ओतली गेली. 'पडली' हा शब्द लुएलाने मला घरात वापरायला बंदी केली आहे. लुएला माझी पत्नी, आणि थिओच्या बाबतीत तिला विनोद कळत नाही.

माल ओतायला एकदा सुरुवात केली की मध्ये थांबता येत नाही. पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत मॅलॉय मुकादमाची माणसं हातगाड्या ढकलत होती. थिओ सळ्यांच्या जाळीवर उभी राहून प्रत्येक गाडी कुठे रिकामी करायची ते दाखवत होती.

"बाईसाहेब, खाली उतरा तुम्ही," मॅलॉय ओरडला. "बूट खराब होतील."

"बूट माझ्या भावाचे आहेत. होऊ देत."

मी पाहिलं. माझेच होते.

खाली वाचनाची खोली, वर पुस्तकांची कपाटं, आणि मधल्या स्लॅबला तुळई नाही. एकही नाही. खांब वर जाता जाता छत्रीसारखे उमलतात आणि तेच स्लॅब तोलून धरतात. शिकागोकडच्या गुदामांत असलं काम चालतं म्हणे, पण आमच्या परगण्यात जे काही आजवर उभं राहिलं ते जाडजूड ओकच्या तुळयांवर, आणि तुळई दिसली नाही की आमच्या माणसाला खोलीत टोपी काढवत नाही. हा हट्ट कशासाठी, असं मी विचारलं.

"तुळया नसल्या की खिडक्या थेट छताला भिडतात," ती म्हणाली. "डिसेंबरात शाळा सुटल्यावर पोरं येतील, तेव्हा दिवा न लावता वाचता येईल. तू ज्या खोलीत आम्हाला लॅटिन शिकवलंस ना, तिथे मला फळा दिसायचा नाही."

"म्हणूनच तुझं लॅटिन कच्चं राहिलं तर."

"नाही. ते शिक्षकामुळे."

२० सप्टेंबर, बुधवार

या आठवड्याचं वार्तापत्र उत्तम उतरलं आहे. स्वतःच्या लेखनाची स्तुती स्वतः करू नये, पण दैनंदिनी वाचतो कोण? म्हणून मुख्य परिच्छेद इथे उतरवून ठेवतो :

'यंदा वॉलनट फोर्डमध्ये पर्जन्यमान समाधानकारक असून न्यायालयाच्या शेजारी काँक्रीटच्या प्रचंड अळंब्या उगवल्या आहेत. त्या भक्ष्य आहेत की विषारी, हे त्यांच्यावर पुस्तकं ठेवल्यावर कळेल.'

थिओने वाचलं. वर्तमानपत्राची व्यवस्थित घडी घातली.

"चांगला आहे विनोद," म्हणाली.

मग पेन्सिलीला टोक करत बसली, आणि पेन्सिल संपेपर्यंत करत राहिली. हल्ली तिला काम फार पडतं.

१ ऑक्टोबर, रविवार

साहित्यिकाला याहून मोठं सुख नाही. आज चर्चच्या पायऱ्यांवर तीन वेगवेगळ्या माणसांनी माझा विनोद मलाच सांगितला, आणि तिघांनीही त्यात स्वतःची भर घातली होती. नॉर्वेजियन लोकांचे पुढारी टॉर्गर स्कॉगेन, ज्यांना हसताना मी याआधी फक्त एकदा, शेजाऱ्याचा बैल नदीत पडला तेव्हा, पाहिलं होतं, ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर, अळंबीचं डोकं जड झालं की देठ मोडतो. ठाऊक आहे ना?" आणि डोळे पुसत निघून गेले. जर्मन वस्तीतल्या बुल्थाउपबाईंनी तर आपल्या मुलांना त्या बाजूने जायचीच बंदी केली आहे असं ऐकतो. विनोदाला इतका दीर्घ आणि व्यापक प्रतिसाद मला आजवर लाभला नव्हता.

घरी येऊन हे सगळं जेवताना सांगितलं. लुएलाने मला दुसऱ्यांदा बटाटे वाढले नाहीत.

५ ऑक्टोबर, गुरुवार

समितीचे अध्यक्ष एलिशा क्रॅनडॉल संध्याकाळी घरी आले. बँक चालवतात, सज्जन आहेत, आणि वाईट बातमी सांगण्यापूर्वी आपल्या मिशांची दोन्ही टोकं तपासून घेतात. आज त्यांनी ती बराच वेळ तपासली.

"अँब्रोझ, थिओला मी ती फ्रॉक घालायची तेव्हापासून ओळखतो. हुशार पोरगी. पण लोक बोलतात."

"काय बोलतात?"

"भक्ष्य की विषारी, हे पुस्तकं ठेवल्यावर कळेल."

"माझं वाक्य आहे ते!" मी म्हणालो.

"हो ना. म्हणून तर सगळ्यांना पाठ झालंय."

लोकांच्या मनात शंका शिरली आहे, असं त्यांचं म्हणणं. ती कुठून शिरली हे देव जाणे. आमचे लोक तसे शंकेखोर नाहीत. आता समितीच्या चार सभासदांची मागणी अशी, की स्लॅबवर जाहीरपणे वजन चढवून चाचणी घ्यावी. टिकली तर ठीक. नाही टिकली, किंवा थिओने नकार दिला, तर स्लॅब फोडायची आणि राजधानीतला एक अनुभवी गृहस्थ आणून लाकडी तुळयांची इमारत बांधायची.

थिओ दारातच उभी होती. आम्हाला ते नंतर दिसलं.

"नकार कशाला देईन, क्रॅनडॉलकाका?" ती म्हणाली. "शिकागोत प्रत्येक नव्या पद्धतीच्या स्लॅबची चाचणी होते. पुस्तकांचं जेवढं वजन येणार, त्याच्या दुप्पट ठेवायचं, आणि मग खालचे टेकू काढायचे. फक्त तिथे चाचणी स्लॅबची असते."

"म्हणजे?"

"काही नाही. महिनाभर द्या. थंडीत काँक्रीटला जोर धरायला वेळ लागतो."

काका गेल्यावर मी म्हटलं, "झालं ते बरंच झालं. लोकांची खात्री होईल."

"आणि नाही झाली तर, दादा? गावच्या वाचनालयात नापास झालेल्या बाईला दुसऱ्या गावचं कोण कोंबड्यांचं खुराडं तरी बांधायला देईल?"

याला मला उत्तर सुचलं तेव्हा ती वर गेली होती, आणि उत्तर तसं फार चांगलंही नव्हतं.

११ ऑक्टोबर, बुधवार

समितीची सभा. प्रश्न एकच : वजन कशाचं ठेवायचं? लोखंड एवढं गावात नाही. वाळू म्हणावी तर नदी भरलेली. स्कॉगेन बराच वेळ छताकडे (जुन्या, तुळयांच्या छताकडे) बघत होते. मग म्हणाले, "मका."

सभेला कंठ फुटला. मका! परगण्यात दुसरं आहे काय? मग ठरलं असं, की प्रत्येक घराने एक पोतं आणायचं. पोत्याचं वजन साधारण सारखंच असतं, घरं किती ते माहीत आहे. थिओने तिथल्या तिथे हिशोब करून सांगितलं, की घरटी एक पोतं म्हणजे दुपटीला बरोबर पुरतं. चाचणी संपली की मका विकून येणाऱ्या पैशांतून पुस्तकं घ्यायची.

"म्हणजे दान झालं हे," बुल्थाउप म्हणाले. हे जर्मन वस्तीतले सर्वांत मोठे शेतकरी.

"दानच," स्कॉगेन म्हणाले.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. नदीच्या अलीकडे नॉर्वेजियनांचं चर्च, पलीकडे जर्मनांचं. मागे एकदा अलीकडच्यांनी मनोरा बांधला, तर पलीकडच्यांनी मनोरा बांधून वर घंटा टांगली. थिओ नऊ वर्षं गावाबाहेर होती. तिने त्या दोघांचं एकमेकांकडे पाहणं पाहिलं नाही. मी पाहिलं, आणि वार्तापत्राला विषय मिळाला म्हणून मनात खूण करून ठेवली.

सभेतून परतताना मी तिला विचारलं, टेकू काढताना आपण सगळ्यांनी कुठे उभं राहायचं?

"तुम्ही बाहेर. मी खाली."

"कशाच्या खाली?"

"स्लॅबच्या. आमच्या कचेरीत तशी रीत होती. ज्याचा आराखडा तो खाली उभा राहतो. आमचे साहेब तोंडात चिरूट धरून उभे राहायचे."

"आणि तू किती वेळा राहिलीस?"

"एकदाही नाही. आराखडा मी काढायचे. उभे ते राहायचे."

हे तिने अशा सुरात सांगितलं, की जणू कोणी तिची हक्काची खुर्ची बळकावली होती. स्थापत्यशास्त्र माणसावर विचित्र संस्कार करतं.

२१ ऑक्टोबर, शनिवार

चार दिवस गारठा. थिओने स्लॅबखाली शेगड्या लावल्या आहेत आणि वर पेंढा अंथरला आहे. दिवसातून कितीदा तरी जाऊन हात लावून येते. आजारी मुलाच्या कपाळाला आई हात लावते तसा. मी तसं म्हणालो, तर लुएला म्हणाली, "हे वार्तापत्रात घालू नका."

"का? उपमा चांगली आहे."

"अहो, तुम्हाला खरंच कळत नाही का? त्या अळंब्यांच्या आधी गावात कोणाला काही वाटत नव्हतं. लोक त्या खांबांना सुंदर म्हणत होते. फार्मसीवाल्याची बायको तर म्हणाली होती, आत गेलं की जंगलात उभं राहिल्यासारखं वाटतं."

"मी काही वाईट लिहिलं नाही. मी थट्टा केली. सगळ्यांचीच करतो."

"बाकीच्या वास्तुविशारदांना सात सात इमारती मिळतात. तिला एकच मिळाली आहे."

लुएलाचा दृष्टिकोन भावनाप्रधान आहे. तरीही शेगडीजवळ थोडा वेळ जाऊन बसलो. मॅलॉय तिथे होता. "बाईंनी कुठे एक सळीसुद्धा कमी घालू दिली नाही," तो म्हणाला. "पावाला लोणी लावताना माझ्या बायकोची जेवढी नजर नसते तेवढी यांची आहे." दगडी कामाच्या माणसाकडून याहून मोठं प्रशस्तिपत्र मिळत नसावं. मी ते लिहून घेतलं, पण पाठवलं नाही.

४ नोव्हेंबर, शनिवार

आजचं आजच लिहिलं पाहिजे.

सकाळपासून गाड्या येऊ लागल्या. थंडी कोरडी, आकाश निरभ्र, आणि सगळा परगणा चौकात. बायकांनी लांबलचक टेबलांवर कॉफी, अ‍ॅपल पाय आणि चेरी पाय मांडले होते. बाहेरून फळ्यांचा उतार केला होता, त्यावरून पोती वर जात होती, आणि थिओ वर उभी राहून ती सारख्या अंतरावर लावून घेत होती. शेजारच्या परगण्यातूनही काही मंडळी आली होती. कोणीतरी म्हणालं, ती तिकडची शाळा समिती आहे, आणि फुकटचा तमाशा पाहायला आली आहे.

पहिली गाडी स्कॉगेनची. गाडीत दोन पोती.

"एक ठरलं होतं," क्रॅनडॉल म्हणाले.

"एक माझं. एक माझ्या बायकोचं. तिलाही वाचता येतं."

त्यांच्यामागच्या प्रत्येक नॉर्वेजियनाच्या बायकोला वाचता येत होतं. ही बातमी पुलापर्यंत पोचली तेव्हा बुल्थाउप पुलाच्या पलीकडे होते. मी स्वतः पाहिलं : त्यांनी गाडी थांबवली, मागच्या सगळ्या गाड्या थांबल्या, जर्मनमध्ये काही बोलणं झालं, आणि अख्खी रांग वळून परत गेली. तासाभराने आली ती घरटी तीन पोती घेऊन. शिवाय पोती अशी, की तोंड शिवता येत नव्हतं. आमच्याकडे दानाचं माप सपाट देणं म्हणजे शेजाऱ्याच्या पाठीमागे बोलण्याचा विषय होणं. त्यामुळे प्रत्येक पोत्यावर शीग होती आणि शिगेवर आणखी शीग.

क्रॅनडॉल हात वर करून उभे राहिले. "पुरे! ठरलं तेवढं झालं! बाकीचं खाली ठेवा."

"का?" बुल्थाउप म्हणाले. "माझा मका हलका आहे?"

"हलका नाही हो, जास्त आहे."

"त्यांचा चढला तेव्हा जास्त नव्हता?"

अध्यक्षांनी वर केलेले हात खाली घेतले. पोती चढली. ती पाहून दोन नॉर्वेजियन गाड्या घराकडे पळाल्या.

मॅलॉय थिओजवळ गेला. मी बाजूलाच होतो, म्हणून ऐकलं. "बाईसाहेब, हे दुपटीच्या कितीतरी पुढे गेलं. तुम्ही थांबा म्हणा. तुमचं ऐकतील."

थिओ पोत्यांकडे बघत होती. तिचे ओठ हलत होते, आकडेमोड करताना लहानपणी हलायचे तसे. मग थांबले.

"येऊ दे," ती म्हणाली. "लावताना फक्त मध्ये ढीग करू नका."

"चालेल ना?" मी विचारलं.

"चालेल, दादा."

तिने इतकं सहज सांगितलं, की मी निर्धास्त झालो आणि जाऊन पायचा एक तुकडा खाल्ला. चेरीचा होता.

मग ती खाली उतरली, हातमोजे काढून लुएलाकडे दिले, आणि आत गेली. टेकूंच्या रानातून चालत जाऊन मधल्या खांबाजवळ उभी राहिली. मॅलॉय आणि त्याचे दोन गडी हातोडे घेऊन टेकूंखालच्या पाचरी सैल करायला लागले. बाहेर घोडे सोडून कोणी हललं नाही.

मी आत कसा गेलो ते मला सांगता येत नाही. पायचा शेवटचा घास तोंडात होता एवढं आठवतं.

"दादा, बाहेर जा."

"जेवणाचं टेबल सोडलं, बूट दिले. खोली तरी वाटून घेऊ."

"मी सांगते आहे, बाहेर जा."

"बातमीदाराने जवळून पाहावं असा दंडक आहे."

"तू दहा वर्षांत घर सोडून कुठली बातमी जवळून पाहिली आहेस?"

एक एक टेकू सुटत होता. सुटला की जमिनीवर आपटायचा, आणि मी दर वेळी खांदे आवळून घ्यायचो. शेवटची रांग आमच्या जवळची. मॅलॉयने थिओकडे पाहिलं. तिने मान हलवली. त्याने हातोडा घातला.

डोक्यावर आवाज झाला. मोठा नव्हता, गोठलेल्या तळ्यावर पहिलं पाऊल टाकल्यावर होतो तसा. मॅलॉयने छातीवर क्रूस काढला. मी थिओचा दंड धरला, की तिने माझा धरला, ते कळलं नाही. तिचे डोळे वर होते. जिन्याच्या फटीतून मक्याचे दाणे खाली टपटपले.

आणि मग काहीही झालं नाही. आयुष्यात इतकं मन लावून काहीही न होणं मी कधी पाहिलं नव्हतं.

थिओने एक पट्टी घेऊन जमीन आणि स्लॅब यांतलं अंतर पुन्हा मोजलं. डॉलरच्या नाण्याच्या जाडीएवढी स्लॅब खाली आली होती. "तेवढी येतेच," ती म्हणाली. "वजन उतरलं की परत वर जाईल." मग तिने खांबाला टेकून डोळे मिटले, आणि मी बाहेर जाऊन टोपी हलवली. बाकी सगळं ओरडणं गावाने केलं.

लोक आत घुसले. मला वाटलं, आता हे तिला खांद्यावर घेतील. पण स्कॉगेन सरळ मध्यभागी जाऊन वर बघत म्हणाले, "या खोलीच्या अर्ध्याहून जास्त भाग आमच्या पोत्यांखाली आहे." बुल्थाउप म्हणाले, "पोती मोजू नका, शिगा मोजा." दोघंही हात वर करून आपापल्या पोत्यांच्या सीमा दाखवायला लागले, त्यांच्या मागे दोन्ही चर्चची माणसं उभी राहिली, आणि त्या स्लॅबखाली, जिच्याखाली सकाळी कोणी कुत्रं बांधलं नसतं, दीडशे माणसं मक्यावरून भांडत उभी राहिली. बुल्थाउपबाईंची मुलं खांबांभोवती शिवाशिवी खेळत होती. वर कोणी स्लॅब म्हणून पाहतच नव्हतं.

"एकाने तरी तुझं नाव घ्यावं की नाही!" मी थिओला म्हणालो.

ती हसत होती. गाल ओले होते. "विसरले, दादा! बघ ना, डोक्यावर स्लॅब आहे हेच विसरले!"

६ नोव्हेंबर, सोमवार

वार्तापत्र पाठवलं. इमारतीचं नाव, खिडक्यांची उंची, चाचणीचा निकाल, आणि 'वास्तुविशारद कुमारी थिओडोरा पेल'. एकही उपमा नाही. संपादकांची दुपारी तार आली : प्रकृती ठीक आहे ना?

मका अपेक्षेच्या तिप्पट निघाला. पुस्तकांची यादी करायला महिला मंडळाची बैठक बसली असून, नॉर्वेजियन मक्यातून घेतलेली पुस्तकं कोणत्या कपाटात ठेवायची असा मुद्दा उपस्थित झाला आहे.

९ नोव्हेंबर, गुरुवार

शेजारच्या परगण्याची शाळा समिती काल घरी येऊन गेली. तीन मजल्यांची शाळा बांधायची आहे, मोठ्या खिडक्यांची. त्यांचे अध्यक्ष म्हणाले, "आमच्याकडे चाचणीची गरज नाही, आम्ही पाहिलं." थिओ म्हणाली, "चाचणी होणारच. प्रत्येक मजल्याची." त्यांना ते फार आवडलं. नव्या आराखड्याच्या कोपऱ्यात तिने माझ्यासमोर स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, आद्याक्षरं नाहीत, आणि अक्षरं सारखी आली आहेत का म्हणून मला तपासायला लावलं. मी बराच वेळ तपासली. सारखी होती.

आज सकाळच्या गाडीने ती गेली. लुएलाने टोपलीभर खायला दिलं. वाचनालयाला छप्पर चढतं आहे, ते पाहायला ती दर पंधरवड्याला येईल. जेवणाचं टेबल मोकळं आहे. लुएलाने त्यावर कापड घातलं.

फलाटावर मी तिला उगाच विचारलं. अगदी उगाच, काहीतरी बोलायचं म्हणून.

"मॅलॉय म्हणाला तेव्हा तुला खात्री होती ना?"

"दुपटीची होती. पूर्ण होती."

"आणि त्यावरची?"

ती टोपलीचं झाकण नीट करत होती.

"त्यावरचं मी मोजायला लागले, आणि एका ठिकाणी मोजणं सोडून दिलं. थंडीत किती जोर धरला असेल ते कोणालाच सांगता येत नाही, दादा. बहुतेक टिकेल असं वाटलं."

"बहुतेक? मग थांबवायचं होतंस!"

"साहेबांनी थांबवलं असतं, तर लोक म्हणाले असते, सावध माणूस आहे. मी थांबवलं असतं तर काय म्हणाले असते, ते तू मला सांग."

गाडी आली. ती खिडकीतून हात हलवत होती आणि फार आनंदात होती. इतक्या आनंदात मी तिला लहानपणानंतर पाहिलं नाही. तिच्या इमारती होतील. चांगल्या होतील, पुष्कळ होतील, याबद्दल माझ्या मनात आता काही शंका नाही.

पण त्या शाळेला तीन मजले आहेत, आणि नंतर आणखी कुठे आणखी मजले असतील, आणि प्रत्येक ठिकाणी कोणीतरी ठरल्यापेक्षा जास्त वजन आणून ठेवणार, आणि ती थांबा म्हणणार नाही. कधीतरी तो अंदाज चुकेल आणि ती खाली उभी असेल. मला त्याची भीती वाटते.